चाकाचा माग

मुकुंदची सायकल पाहून उस्मानपुऱ्यात लोक हसायचे. तिला मडगार्ड नव्हतं, कॅरिअर नव्हतं, घंटीसुद्धा नव्हती. हँडल काठीसारखं सरळ, सीट वीतभर खाली बसवलेलं, आणि दांड्यांना ठिकठिकाणी जोड दिलेले. टायर तर असे, की हे ट्रॅक्टरचं पिल्लू कुठून आणलं, असं शेजाऱ्यांनी एकदा विचारलंही होतं.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत दर महिन्याला नवी शेड उभी राहत होती, तेव्हाची ही गोष्ट. मुकुंद अशाच एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. वय चोवीस. वडील सदाशिवराव तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. घराण्यात लेखणीखेरीज दुसरं हत्यार कुणी धरलेलं नव्हतं. मुकुंदला मात्र लोखंडाचा नाद. आणि दुसरा नाद सायकलीचा, तोही डांबरी रस्त्यावरचा नव्हे. खाचखळगे, उतार, ओहोळ, झाडांची उघडी पडलेली मुळं, असल्या वाटेनं सायकल दामटायची, पडायचं, उठायचं आणि पुन्हा दामटायची. त्यात काय मिळतं ते त्याला कुणाला समजावता आलं नाही. साध्या सायकली त्यानं दोन मोडल्या. तिसरी स्वतःच बांधायला घेतली.

तिचं वेल्डिंग कडुबानं केलं. कडुबा कारखान्यातला सगळ्यात जुना वेल्डर, पस्तिशीचा, बोलायला कमी. त्यानं दिलेला जोड बोट फिरवूनही कळायचा नाही. जेवणाच्या सुटीत दोघांनी महिनाभर खपून ती सायकल उभी केली. टायरची युक्ती मुकुंदची. स्कूटरच्या जुन्या टायरची जाड साल कापून तिचे बाणाच्या टोकासारखे तुकडे केले आणि ते व्हल्कनायझिंगवाल्याकडून सायकलीच्या टायरवर बसवून घेतले. पहिल्यांदा चालवून पाहिली तेव्हा मातीत उमटलेल्या बाणांच्या ओळीकडं बघत कडुबा म्हणाला होता, की असला माग अख्ख्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. मुकुंदला ती शाबासकी वाटली.

चालवायला वाट त्याला पैठणला सापडली. तिथं त्याची भानुमतीमावशी एकटी राहायची. शनिवारी पाळी सुटली की एसटीच्या टपावर सायकल टाकायची, मावशीकडं मुक्काम करायचा आणि रविवारी उजाडताच निघायचं. धरणाच्या खालच्या अंगाला गोदावरीच्या काठाकाठानं बाभूळबन होतं, रुंदीला थोडं पण लांबीला तीन-चार कोस. बाभळी, करंज, मध्येच जांभूळ, आणि खाली निरगुडीची दाट जाळी. पावसाळ्यात शेताच्या काळ्या मातीत चाक दोन वेढ्यांत जाम व्हायचं. नदीकाठची जमीन मात्र पोयट्याची, रेताड गाळाची. ओली असली तरी चाकाला धरून ठेवत नसे. बनातून मेंढरांच्या खुरांनी पडलेली वाट होती, ती त्याला मुंजाबानं दाखवली. मुंजाबा धनगर, दोनशे मेंढरं आणि बायको राजाबाई यांच्यासह पावसाळाभर बनातच उतरलेला असायचा.

बनाच्या तोंडाशी एक गाव होतं. नाव सांगण्यात आता हशील नाही. गावाच्या शिवेवर काकासाहेबांचा मळा होता. काकासाहेब पन्नाशीचे, हसतमुख. गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. मुकुंद पहिल्यांदा चिखलानं माखून त्यांच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबला तेव्हा त्यांनी त्याला बाजेवर बसवून चहा पाजला, सायकल हातानं उचलून तिचं वजन पाहिलं, नाना प्रश्न विचारले. तेव्हापासून दर रविवारचा तो चहा ठरूनच गेला. कडुबाचं गावही तेच. गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडं, बौद्धांची वीस-बावीस घरं होती आणि सायकलीची वाट त्या घरांच्या मागूनच बनात शिरायची. कडुबा दर आठवड्याला आईला, भागूबाईला भेटायला तिथं जायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैअखेर विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी कडुबानं कारखान्यात पेढे वाटले, गावीही पुडा धाडला. मुकुंदनं पेढा घेतला. काहींनी हात मागं ओढला, ते त्यानं पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. ठरावाला विरोध म्हणून लगोलग दुकानं बंद झाली, एसट्यांवर दगड पडू लागले, कारखान्यांच्या पाळ्या थांबल्या. आई एकटी आहे म्हणून कडुबा गावी गेला. मुकुंद शेवटच्या एसटीनं पैठणला मावशीकडं आला आणि तिथंच अडकला. आठ दिवस गाडी नाही, वर्तमानपत्र नाही. आसपासच्या खेड्यांतून काहीबाही कानावर यायचं. मावशीच्या ओसरीवर येऊन बसणारे म्हणायचे, लोक फुगवून सांगतात. मुकुंदलाही तेच खरं वाटलं. शहरातलं राजकारण आहे, चार दिवसांत निवेल, असं तो स्वतःच इतरांना सांगत होता.

नवव्या दिवशी पाऊस उघडला. मावशी नको नको म्हणत असताना त्यानं सायकल काढली. बनात कसलं आलंय राजकारण, असं म्हणून तो हसत बाहेर पडला.

काकासाहेब मळ्यावरच होते. आज तिथं दहा-बारा माणसं होती आणि सगळ्यांचे डोळे तारवटलेले. रात्रीचं जागावं लागतं, दिवस वाईट आलेत, असं काकासाहेब म्हणाले. चहा आला. नेहमी चहा आणणारा भिकन आज कपबशी ठेवून तिथंच उभा राहिला. मग घरच्या माणसाची काळजी सांगावी तशा आवाजात काकासाहेबांनी सांगितलं, की खालच्या वस्तीतली गरीब माणसं बाहेरच्या गुंडांना भिऊन बनात कुठंतरी लपली आहेत. बरोबर लेकरंबाळं आहेत, उपाशी असतील. आम्ही शोधायला गेलो की ती आणखी आत पळतात. तुम्हाला दिसली तर येताना तेवढं सांगा, भाकरी पाठवतो, माणसं परत आणतो.

"तुम्हाला ती भिणार नाहीत, मुकुंदराव," ते म्हणाले.

मुकुंदला भरून आलं. नक्की सांगतो, असं तो म्हणाला. वस्तीमागची वाट पाण्यानं खचली आहे, आज वरच्या बांधानं जा, असंही काकासाहेबांनी बजावलं. तो वरच्या बांधानं गेला. ओल्या राखेचा वास आला तेव्हा त्याला वाटलं, कुणीतरी कोळसा पाडत असेल.

बनात शिरल्यावर तो सगळं विसरला. आठ दिवस घरात कोंडलेलं अंग मोकळं झालं. वाट नुकती धुतल्यासारखी होती, तिच्यावर कुणाचं पाऊलही नव्हतं. पहिला ओहोळ त्यानं सीटवरून उठून, गुडघे सैल सोडून एका दमात पार केला. जांभळाच्या मुळांवरून चाक उडालं आणि बरोबर वाटेवर उतरलं. मुंजाबाचा तळ डावीकडं ठेवून तो पुढं गेला. तिथून थोडं पुढं वाट फुटत होती. उजवी फाटी जुन्या नावेच्या घाटाकडं जायची, सपाट होती; डावी बनाच्या पोटात शिरायची. त्यानं डावी धरली. नदीचा घोष कानात भरला होता. धरणाचे दरवाजे उघडलेले, पाणी दोन्ही थड्यांना लागून चाललेलं.

उतारावर निरगुडीची जाळी हलली. रानडुक्कर असेल म्हणून त्यानं ब्रेक दाबला आणि सायकल आडवी घसरली. पडल्या जागेवरून त्याला जाळीच्या बुंध्याशी काहीतरी दिसलं. ते काय आहे हे कळायला त्याला क्षणभर लागलं. एका बाईचा हात होता तो, लहान मुलीच्या तोंडावर घट्ट दाबून धरलेला. मुलीचे डोळे त्याच्याकडंच लागलेले.

तो उठायच्या आत बाजूनं एक माणूस दांडकं उगारून धावून आला आणि दोन हातांवर थबकला. दाढी वाढलेली, अंगावर नुसतं बनियन, डावा हात कोपरापर्यंत चिंध्यांत गुंडाळलेला. दांडकं खाली आलं तरी मुकुंदनं त्याला ओळखलं नव्हतं.

"एकटेच आलात?" कडुबानं विचारलं.

मुकुंदनं नुसती मान हलवली.

जाळीच्या आत चौदा माणसं होती. बाया, म्हातारी, पाच लेकरं. कुणीही बोलत नव्हतं, लेकरंसुद्धा. इतकी लहान मुलं इतकी गप्प बसलेली मुकुंदनं कधी पाहिली नव्हती. भागूबाई एका गोणपाटावर तापानं फणफणत पडली होती. आपल्या दोन वर्षांच्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर ही माणसं तीन दिवस पावसात बसून आहेत, हे त्याच्या डोक्यात शिरेना. हे काय झालं, असं काहीतरी त्यानं विचारलं असावं.

कडुबानं सांगितलं. यंत्र कुठं बिघडलं ते सांगावं तितक्याच सरळ. तीन दिवसांपूर्वी घरं पेटवली. दारांना बाहेरून कड्या घातल्या होत्या. मागच्या भिंती फोडून माणसं निघाली, बरीचशी अंधारात दुसऱ्या गावांकडं पांगली, बाकीची ही बनात शिरली. फकिरामामा पांगळा होता. त्याला बाजेसकट उचलायला कडुबा परत आत गेला तेव्हा आढं खाली आलं. मामा तिथंच राहिला. हात तेव्हा भाजला. वेल्डरच्या हाताला ठिणग्यांचे डाग असतातच, पण चिंध्यांखालून दिसत होतं ते तसलं नव्हतं.

मुकुंद चिखलातच बसला. आणि अशा वेळी माणूस जे पहिलं हाताशी येईल ते बोलतो तसा तो बोलला. म्हणाला, मी आत्ता जातो आणि काकासाहेबांना सांगतो, त्यांना तुमची फार काळजी लागली आहे, ते भाकरी पाठवणार आहेत.

मुलीच्या तोंडावर हात धरून बसलेली बाई, पारूबाई तिचं नाव, ती उठली आणि मुलीला ओढत जाळीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

"काय म्हणाले ते?" कडुबानं विचारलं. "शब्द न् शब्द सांगा."

मुकुंदनं सगळं सांगितलं. कडुबा ऐकून घेत होता, नजर मुकुंदच्या तोंडावर नव्हती.

"पहिलं घर आमचं पेटवलं," तो म्हणाला. "पेटवताना हाळी दिली, भागूबाई, पोराच्या पेढ्यानं तोंड गोड झालं का म्हणून. तो आवाज मी लहानपणापासून ऐकतोय, मुकुंदराव. माझी चूक व्हायची नाही."

मुकुंदला आधी ते खरंच वाटेना. दोन वर्षं ज्या बाजेवर तो बसत होता, जो हात त्याच्या पाठीवर पडत होता, तो माणूस आणि हे, या दोन गोष्टी त्याच्या मनात शेजारी शेजारी उभ्याच राहत नव्हत्या. तो त्या बोलण्यात एखादी चूक शोधत होता, जिथं बोट ठेवून म्हणता येईल की नाही, तुमचा घोटाळा होतोय. तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं, की कडुबा मघापासून जमिनीकडं पाहतोय.

ओल्या पोयट्यावर बाणांची ओळ उमटली होती. एकेक बाण स्वच्छ, कडा न मोडलेला. ती ओळ उतारावरून खाली आली होती आणि थेट जाळीच्या तोंडाशी थांबली होती.

"त्यांना तीन दिवस सापडलो नाय आम्ही," कडुबा म्हणाला. "म्हणून तुम्हाला पाठवलं."

मुकुंदच्या कानांत नदीचा आवाज एकदम मोठा झाला. येताना सांगा, असं काकासाहेब म्हणाले होते. सांगण्याची गरजच नव्हती. तो परत जावो न जावो, त्याचा माग कुणाही आंधळ्याला इथवर आणून सोडणार होता. तो धावत वर गेला आणि बाभळीच्या फांदीनं ठसे पुसू लागला. पुसलेली जागा ठशापेक्षा ठळक दिसायला लागली. कडुबानं त्याचा हात धरला.

नदीला पूर, म्हातारी तापलेली, लेकरांना चालवत नव्हतं. दुसरीकडं हलायला जागा नव्हती. जे करायचं ते मागाचंच करायला हवं होतं. कडुबा म्हणाला, हा माग पुसला जाईल तो मेंढरांनीच. पण मुंजाबा येईल का, ते त्याला सांगता येत नव्हतं. फाटीवरून दुसरा माग घाटाकडं न्यायचा, हे मुकुंदला सुचलं. कडुबानं एका फाटक्या लुगड्याचा तुकडा त्याच्या हातात दिला.

सायकल खांद्यावर घेऊन, पाण्याच्या कडेकडेनं गुडघाभर पाण्यात चालत तो मुंजाबाच्या तळावर पोचला. धापा टाकत त्यानं सांगितलं. मुंजाबानं ऐकलं आणि तो खाली बसला. त्याला सगळं ठाऊक होतं, एवढंच, की कुणी तोंडावर विचारलं नव्हतं.

"मला याच शिवारात चारायचंय, दादा," तो म्हणाला. "उद्या पाय ठेवू नको म्हणले तर दोनशे मेंढरं घेऊन मी कुठं जाऊ?"

मुकुंदचं काय जाणार होतं? तो रविवारचा पाहुणा. राजाबाई चुलीपाशी उभी होती. तिनं विचारलं, "भागूबाई बी हाय का त्यांच्यात?"

"आहे. ताप आहे तिला."

"गेल्या साली मी बाळंतपणात अडले, तवा भर पावसात तीच आली व्हती. गावातून दुसरं कुणी नाय आलं." एवढंच बोलून ती वाघरीकडं गेली. मेंढरांभोवती जाळीचं कुंपण असतं त्याला धनगर वाघर म्हणतात. तिनं वाकून वाघरीचा पहिला खुंटा उपटला. दुसऱ्याला हात घातला तेव्हा मुंजाबा उठला. सोड, मी काढतो, असं म्हणाला.

दोनशे मेंढरं झाडीतून आडवी जाऊन फाटीपासून डावीकडं वळली. मुंजाबा पुढं, राजाबाई मागं. ती वाटेवरून गेली, उतारावर पांगली, जाळीभोवती चरली, पुन्हा त्याच वाटेनं फाटीपर्यंत माघारी आली. खुरांनी सगळी वाट कालवून निघाली. मुकुंदनं ते पाहायला थांबण्यात अर्थ नव्हता. त्यानं मुंजाबाच्या तळापाशी आपल्याच जुन्या मागावर चाक ठेवलं, फाटीपर्यंत आला आणि उजवीकडं वळला.

ती फाटी अर्ध्या मैलाची. सरळ, सोपी. तरी तो तिच्यावर तीनदा पडला. घाटाशी पोचल्यावर त्यानं बूट काढले आणि अनवाणी पायांनी वाळूत पाण्यापर्यंत फेऱ्या मारल्या, कधी टाचेवर, कधी चवड्यावर, जमेल तसे ठसे उमटवले. लुगड्याचा तुकडा पाण्याकाठच्या बाभळीच्या काट्याला अडकवला. पाय धुवून पुन्हा बूट घालतो तोच वरून बोलणं ऐकू आलं.

नऊ माणसं होती. रांगेनं, खाली वाकून, बाणांची ओळ वाचत येत होती. एकाच्या खांद्यावर कुऱ्हाड होती. एकाच्या हातात रॉकेलचा डबा. आणि भिकनच्या हातात खरोखरच भाकरीचं फडकं होतं. मुकुंदला सगळ्यात जास्त भीती त्या फडक्याची वाटली.

"दिसली का हो?" काकासाहेबांनी विचारलं. नेहमीसारखंच, हसून.

मुकुंद म्हणाला, माणसं नाहीत. हे ठसे तेवढे दिसले, पाण्यात गेलेत. आपला आवाज आपलाच आहे याचं त्याला नवल वाटलं. काकासाहेब वाळूत उतरले. ठसे पाहिले, लुगड्याचा तुकडा काढून हातात धरला, पाण्याकडं बघत उभे राहिले. तांबडं पाणी भोवरे घेत चाललं होतं. त्यात उतरलेलं माणूस पलीकडं निघालं नसतं.

"अरेरे," ते म्हणाले. "लेकरं होती हो बरोबर."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं होतं असं मुकुंदला पुढं कधीही छातीवर हात ठेवून सांगता आलं नाही. कुऱ्हाडवाल्यानं कुऱ्हाड खाली ठेवली, मुकुंदची सायकल उचलून खडकावरून वर नेऊन दिली आणि जाताना आपल्या उपरण्यानं तिचं सीट पुसलं. परतताना चहा घेऊन जा, असं काकासाहेब मागून म्हणाले.

तो मळ्यावर थांबला नाही. वरच्या बांधानंही गेला नाही. वस्तीमागच्या वाटेनं गेला. वाट कुठंही खचलेली नव्हती. घरांच्या जागी काळ्या भिंती उभ्या होत्या, पावसानं राख चिखल होऊन वाटेपर्यंत वाहत आली होती. एका घराचं पुढचं दार कसं कोण जाणे जळायचं राहिलं होतं. त्याची कडी बाहेरून घातलेली होती, आणि कडीत गुरं बांधायचा खुंटा अडकवलेला होता. मुकुंद सायकलीवरून उतरला आणि वाटेच्या कडेला ओकला. मग त्यानं जी सायकल मारली ती पैठणला जाऊनच पाय टेकवला.

धरणाच्या दारापाशी राखीव पोलिसांची तुकडी आदल्या दिवशीच उतरली होती. तिथला अधिकारी परमुलखातला होता. त्यानं मुकुंदला आधी पाणी दिलं, मग दोनदा सगळं विचारलं, आणि ट्रक काढला. मुकुंद पुढं ड्रायव्हरशेजारी बसून वाट दाखवत गेला. दुपार कलायच्या आत चौदाच्या चौदा माणसं ट्रकमध्ये होती. मुंजाबाची मेंढरं तोवर पुन्हा जाळीभोवती येऊन चरत होती. पारूबाई ट्रकमध्ये चढली, पण मुकुंदनं मुलीला वर घ्यायला हात पुढं केला तेव्हा तिनं मुलगी त्याच्या हातात दिली नाही. भागूबाई पंधरा दिवस दवाखान्यात होती. जगली.

मुकुंदनं जबानी दिली, नावानिशी. एसट्या सुरू झाल्यावर घरी आला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचली होती. सदाशिवराव रागावले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की आपण नोकरदार माणसं, कोर्टकचेरीत आपलं काय काम. लोक सोडवले, पुण्य केलंस, आता नाव काढून घे. मुकुंदनं नाव काढलं नाही. पण वडिलांच्या तोंडचं ते वाक्य ऐकताना त्याला चमकायला झालं. तेच आर्जव, तोच काळजीचा सूर. पुढं कित्येक दिवस कुणीही त्याच्याशी गोड बोललं की त्याचं अंग आकसायचं.

कडुबा दीड महिन्यानं कामावर आला. डाव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. गावी परत जाणार नव्हता. आईला घेऊन शहरात खोली केली होती. जेवणाच्या सुटीत दोघं शेडच्या मागं बसले. मुकुंदला माफी मागायची होती, आणि कशाची मागायची ते नीट जुळत नव्हतं. माग काढून दिला त्याची, की भाकरीवर विश्वास ठेवला त्याची. त्यानं काहीतरी सुरुवात केली. कडुबानं ती पुरी होऊ दिली नाही.

"दोन वर्षं तुम्ही आमच्या घरामागून जायचात," तो म्हणाला. "आईला चाकाचा आवाज कळायचा. रविवारी ती म्हणायची, तुझे साहेब गेले बघ. ती कायम म्हणायची, थांबतील एखाद दिवशी."

त्यात राग नव्हता. कडुबा हातातली भाकरी मोडत होता. मुकुंद आठवत राहिला, की आपण कधी थांबायचं नाही असं ठरवलं होतं का. ठरवलं नव्हतं. तसं कधी मनातच आलं नव्हतं. घामाघूम होऊन, तहानेनं घसा कोरडा पडलेला असताना तो त्या घरांवरून पुढं जायचा आणि मळ्यावर पाणी मागायचा. बनात त्या दिवशी पाहिलेलं सगळं एका बाजूला, आणि हे एका बाजूला. याचा धक्का त्याला कमी बसला नाही. फक्त तो सावकाश बसत गेला, वर्षानुवर्षं.

त्या रविवारी तो भागूबाईच्या खोलीवर गेला. म्हातारीनं त्याला नखशिखान्त पाहिलं आणि आवाजावरून आपल्याला तो दांडगा वाटला होता, असं म्हणाली.

खटला चार वर्षं चालला. साक्षीदार फुटत गेले. मुंजाबाला त्या शिवारात पुन्हा पाय ठेवता आला नाही. त्यानं मेंढरं पाचोडच्या बाजूला नेली. तो कोर्टात यायला तयार होईना, पण राजाबाई आली, तारखेला आली, आणि पाहिलं तेवढं सांगून गेली. निकालाच्या दिवशी भिकनला आणि कुऱ्हाडवाल्याला शिक्षा झाली. काकासाहेब सुटले. त्या रात्री ते परगावी हरिनाम सप्ताहाला होते, असं सांगणारे सात जण होते.

कोर्टाच्या व्हरांड्यात काकासाहेब मुकुंदजवळ आले. केस पिकले होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मावशींची तब्येत कशी आहे म्हणून विचारलं. मुकुंद त्या चेहऱ्याकडं बघत राहिला. चार वर्षं तो मनात त्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होता, डोळ्यांत, ओठांच्या कडेला, कुठंतरी. आत्ता तो वीतभर अंतरावर होता, आणि त्यावर काहीही नव्हतं. एक म्हातारा होत चाललेला, आपुलकीनं विचारपूस करणारा माणूस होता. मुकुंदनं खांदा सोडवून घेतला.

बाहेर रस्त्यापलीकडं कडुबा आणि राजाबाई उभे होते. राजाबाईला पाचोडची गाडी धरायची होती. निकाल तिला कळला नव्हता. तो तिला कडुबानं समजावून सांगितला. कोण आत गेलं, कोण सुटलं.

"म्हंजी त्यो घरला जाणार," ती म्हणाली.

"व्हय."

तिनं एकदा कोर्टाच्या दाराकडं पाहिलं. मग पदर डोक्यावर ओढून घेतला आणि बसस्टँड कुठल्या अंगाला आहे ते विचारलं. कडुबा तिला दाखवायला पुढं झाला. मुकुंद त्यांच्या मागून चालू लागला.